चार आटे

१

मोतीराम खाली पडला आणि मोटारसायकल वरच राहिली. खदानीच्या अगदी काठावर, बाभळीच्या झुडपात ती अडकून बसली होती. मागचं चाक अधांतरी फिरत होतं, आणि तीस फूट खाली काळ्या दगडांत सव्वीस वर्षांचा मोतीराम पालथा पडला होता. गाडीला ओरखडासुद्धा नव्हता. १९५९ सालच्या दसऱ्याची ती सकाळ होती आणि गाव होतं अमरावती.

हे सगळं मला दोन वर्षांनी बडनेऱ्याच्या फलाटावर, भजी खाताना कळलं. आणि मी निघालो होतो तीच गाडी विकत घ्यायला.

मी शेषराव. बार्शीटाकळीच्या आसपासच्या खेड्यांत देवीची लस टोचत फिरणं ही माझी नोकरी. सायकलीवर फिरून माझी पाठ कामातून गेली होती. पावसाळ्यात काळी माती चाकाला धरते, उन्हाळ्यात नाल्यातले धोंडे चाक मोडतात, आणि दोन्हीतून वाचलात तर चढावर सायकल खांद्यावर घ्यावी लागते. मोटारसायकल मी आयुष्यात चारदा चालवली होती, त्यातून दोनदा पडलो होतो. म्हणून अकोल्याच्या भगवंतरावांना सोबत घेतलं. दुसऱ्या लढाईत त्यांनी फौजेच्या वर्कशॉपात पाच वर्षं मोटारसायकली दुरुस्त केल्या होत्या. डावा कान तिथेच गेला. तेव्हापासून ते इंजिनाचा आवाज ऐकत नाहीत, त्यावर हात ठेवून समजून घेतात.

"तुले घरूनच सांगतलं असतं तं तू आलाच नसता," भगवंतराव भजं मोडत म्हणाले. "म्हणून अर्ध्या वाटेत सांगून राहिलो. लोक म्हणतात, गाडीत मोतीराम हाय. दोन गिऱ्हाइकं पळाले."

"आमच्या घरातले देव छप्पन साली गेले," मी ऐटीत म्हणालो. "भुतंही त्यांच्याबरोबरच गेली."

असं म्हणालो खरा, पण उरलेली भजी मला काही गेली नाहीत.

गाडी का घ्यायची, तेही त्यांनी सांगितलं. अमरावतीत एका निवृत्त फौजी साहेबानं ट्रायलचा नाद लावून दिला होता. ही वेगाची शर्यत नव्हे. धोंडे, चिखल, चढउतार यांतून गाडी मुंगीच्या चालीनं न्यायची आणि पाय जमिनीला टेकला की बाद. त्यासाठी लिलावातल्या फौजी गाड्या घेऊन पोरं त्यांचे पत्रे कापायची, पोट उंच करायची, गिअर जड वाटेला साजेसे करायची.

"म्हंजे तुह्या नाल्यांसाठी याहून बरी गाडी देवही बनवणार नाई," भगवंतराव म्हणाले. "फक्त ती कोणाच्या हाताखालून आली, हे पाहून घ्या लागते. जुनी गाडी काही लपवत नसते, बाप्पा. विचारणारा पायजे."

२

मोतीरामचे वडील पंजाबराव जिनिंग प्रेसमध्ये मुख्य फिटर होते. तीस वर्षांची नोकरी, मनगटं मुसळासारखी, पण चेहऱ्यावर रया नव्हती. त्यांनी आमच्याकडे धड पाहिलं नाही. घरामागच्या टिनाच्या शेडकडे बोट दाखवलं आणि ओट्यावरच बसून राहिले.

शेड उघडली ती त्यांच्या सुनेनं, मैनानं. मोतीरामची ही बायको. ती अकोल्याला मास्तरणीचं शिक्षण घ्यायला जाणार होती आणि जाण्याआधी गाडी घरातून घालवायची, हा हट्ट तिचाच होता.

"मामाजी कोणाले हात लावू देत नाहीत," ती सासऱ्यांबद्दल हळू आवाजात म्हणाली. "पुसायलेसुद्धा नाही. दोन वर्षांपासून जशीच्या तशी आहे."

खरंच जशीच्या तशी होती. हँडलला झेंडूच्या माळेचा वाळून काळा पडलेला दोरा लोंबत होता. टाकीवर, इंजिनावर, तारांवर कुंकवाचे पुसट शिंतोडे होते. खंडेनवमीला घरातल्या हत्यारांबरोबर गाडीचीही पूजा झाली होती आणि दुसऱ्या दिवशी ती खदानीवरून परत आली ती थेट या शेडमध्ये. शेडमध्ये तेलाचा आणि उंदरांचा वास होता. मला तिथं जास्त वेळ थांबायचं नव्हतं, हे कबूल करतो.

भगवंतराव मात्र जमिनीवर आडवेच झाले.

"रंग पाहू नको, शेषराव. पोट पाह्य. खालचा पत्रा किती ठोकर खाल्लेला हाय, दिसते? पण सांगाड्याले चीर नाई. म्हंजे धोंड्यावर बसवली, आपटली नाई. पायाचं रबर पाह्य, टाचेकडं झिजलं नाई, मधी झिजलं. हा पोट्टा बसून चालवतच नव्हता. उभ्यानं चालवे. आता क्लचची दांडी पाह्य."

दांडीच्या टोकाकडे दोन बोटांइतकी जागा घासून चकचकीत झाली होती. मी नकळत माझी दोन बोटं तिथं ठेवली. ती अशी चपखल बसली की मी हात झटकन मागे घेतला. ज्या माणसाला मी कधी पाहिलं नव्हतं, त्याचा हात हातात आल्यासारखं झालं.

"दोनच बोटांनी क्लच चालवे," भगवंतराव उठत म्हणाले. "लय गुणाचा चालवणारा होता, पोरी."

मैनानं पदर तोंडाशी धरला आणि मान दुसरीकडे फिरवली.

नवं पेट्रोल घातलं. पंधरा-वीस किका मारल्यावर गाडी खोकली, मग सुरू झाली. ओट्यावर पंजाबराव ताडकन उभे राहिले. भगवंतरावांनी मला बसवलं. क्लच पूर्ण दाब, पहिला गिअर टाक आणि तसाच थांब, एवढंच करायचं होतं. क्लच दाबलेला असला की इंजिनाचा आणि चाकाचा संबंध तुटतो आणि गाडी जागची हलत नाही. हे मलासुद्धा ठाऊक होतं.

मी क्लच मुठीत आवळला. गिअर टाकला. आणि गाडी निघाली.

मी क्लच सोडला नव्हता. बोटं पांढरी पडेपर्यंत दांडी दाबून धरली होती. तरी माझ्या खालची गाडी सरकत होती, सावकाश, कुणीतरी मागून दोन्ही हातांनी लोटावं तशी. शेडच्या दारातून बाहेर, पश्चिमेकडे, खदानीच्या टेकडीच्या दिशेनं.

"तेच!" मैना ओरडली. "भाऊ, तेच! उतरा!"

३

भगवंतरावांनी इंजीन बंद केलं. मी घाईनं खाली उतरलो.

"ते गिऱ्हाइकही असेच गेले," मैना सांगू लागली. "एक जंगलचा ठेकेदार, एक मास्तर. क्लच दाबला तरी गाडी खदानीकडंच जाते."

"शेडले दारच तिकडं एक हाय, पोरी. जाईन कुठी?" भगवंतराव म्हणाले. "अन् थंड गाडीच्या क्लचच्या प्लेटी चिकटून बसतात, तसंही होते. थांब."

त्यांनी इंजीन तापवलं, क्लच दाबून धरून दहा-बारा वेळा किक मारली, प्लेटी सुट्या केल्या. पुन्हा गिअर टाकला. गाडी पुन्हा सरकली. आता ते खाली वाकले. क्लचची तार जिथं इंजिनाजवळ येते तिथं एक छोटा स्क्रू असतो. तो आट्याआट्यानं, म्हणजे एकेक फेऱ्यानं, फिरवला की तार ताणली जाते किंवा सैल पडते. स्क्रू जागचा हलू नये म्हणून त्यावर एक नट आवळतात, त्याला चेकनट म्हणतात.

"तार चार आटे सैल हाय," ते पुटपुटले. "दांडी दाबली तरी क्लच अर्धाच सुटते. भूत म्हणून राहिले ते हेच."

"ते तं सगळ्याईले माहीत आहे," मैना कडवट आवाजात म्हणाली. "पंचनाम्यात तेच लिहिलं. खंडेनवमीच्या दुपारी डोमाजीनं नवी तार टाकली अन् सैल सोडली. काठावर ह्यांनी क्लच दाबला, गाडी थांबायची ती पुढंच गेली. बाकीच्या साऱ्या मिस्त्र्यांचे पाने त्या दिवशी पूजेत होते. डोमाजीच्या घरी पूजा नसते, म्हणून त्याचंच दुकान उघडं होतं."

"डोमाजी काय म्हणाला?"

"म्हणायले होता कुठी? दसऱ्याच्या दिवशी गावातच नव्हता. पळाला म्हणतात."

भगवंतरावांनी पिशवीतून पाना काढला, चेकनटाला लावला आणि जोर दिला. नट हलला नाही. दुसऱ्यांदा पाय रोवून जोर दिला तेव्हा तो कुरकुरत सुटला. त्यांनी तो तळहातावर घेतला आणि उजेडात धरला. नटाच्या सहाही कडा चावल्यासारख्या झाल्या होत्या, बारीक दातांच्या रांगा दिसत होत्या. त्यांनी आतली बाजू करंगळीनं पुसली. वाळलेल्या ग्रीसमध्ये लालसर कण दाबले गेलेले होते.

"गंज?" मी विचारलं.

"गंज असा नसते," ते म्हणाले. मग नट रुमालात बांधून खिशात टाकला. "पोरी, तू ह्या ट्रायलच्या विरोधात होती?"

मैनानं त्यांच्या नजरेला नजर दिली. "होते. त्या संध्याकाळी पूजेच्या वेळी माझं अन् त्यांचं भांडण झालं. मी म्हटलं, उद्या गेले तर मी माहेरी जाईन. ते हसले. तुमाले वाटते का, मी केलं?"

"मले अजून काहीच वाटत नाई," भगवंतराव म्हणाले.

ओट्यावरून जाताना मी पंजाबरावांना म्हणालो, "गाडी आम्ही घ्यायचा विचार करतो." ते भगवंतरावांच्या खिशाकडे पाहत होते.

४

त्या वर्षीची ट्रायल मोतीरामनंतर ज्यानं जिंकली तो खुशालराव. त्याचं तेलइंजिनाचं दुकान पुढच्याच चौकात होतं आणि चांदीचा पेला त्यानं गल्ल्यावर असा ठेवला होता की गिऱ्हाइकाला तो दिसल्याशिवाय राहू नये.

"माणूस मेल्यावरही ट्रायल चालू राहिली?" मी विचारलं. मला राग आला होता आणि तो लपवायची गरज वाटली नाही.

"आठ दिवसांनी घेतली. माह्या मनानं नाई. साहेबाच्या," खुशालराव म्हणाला. "अन् तुमी काहून विचारून राहिले? गाडी घ्यायची तं घ्या, नाई तं सोडा."

"मोतीराम असता तं पेला कोणाकडं असता?" भगवंतरावांनी विचारलं.

खुशालरावनं पेल्याकडे पाहिलं. "त्याच्याकडं. इथं लपवायचं काय? मी तीन वर्षं त्याच्या मांगंच होतो. पण मी त्याच्या गाडीले बोट लावलं नाई. त्या दिवशी माहे पाने पाटावर होते, हळदकुंकू वाहिलेले. दुकानात दोनशे माणसं जेवाले होते. संध्याकाळभर मी वाढत होतो, कोणालेही विचारा."

"शेवटी त्याले कधी पाहिलं?"

"खंडेनवमीलेच दुपारी. डोमाजीकडून तार बदलून आला अन् इथंच, ह्या चौकात मले डिवचाले गोल गोल फिरला. आठ फेऱ्या. चालतो की नाई इतका धिमा, मधीच जागेवर उभा, पाय वर. क्लच लोण्यासारखा चालून राहिला होता. मले म्हणे, खुशाल, उद्या येऊ नको." त्याचा आवाज जरा घोगरा झाला. "म्हणून मले कधी समजलं नाई. दुपारी असा क्लच अन् सकाळी तसा. लोक म्हणतात नट थरथरून सुटला असन. असनही."

"ट्रायलमधी तो किती दूर गेला?"

"तेच तं! पहिला टप्पा धोंड्याचा, दुसरा चिखलाचा, तिसरा उलटा चढ. तिन्ही पार केले. अर्धा क्लच घेऊन! पाने साऱ्यांचे पूजेत, कसणार कशानं? मी मागून पाहून राहिलो होतो. गाडी त्याले खाली पाडाले पाहे अन् तो पडे नाई. एकदाही पाय टेकला नाई. चौथा टप्पा काठावर थांबून वळायचा." खुशालरावनं हात झटकला. "जा बाप्पा. गिऱ्हाईक खोळंबलं."

बाहेर आल्यावर भगवंतराव म्हणाले, "डोमाजी कुठं राहते, तुले शोधता येईन?"

मला शोधायची गरजच नव्हती. आमच्या लोकांत त्याची गोष्ट सगळ्यांना माहीत होती, फक्त कुणाच्या गाडीवरून ती घडली हे मला आज कळलं होतं. डोमाजी मूर्तिजापूरला होता. स्टेशनवर, यवतमाळच्या छोट्या गाडीच्या, शकुंतलेच्या फलाटावर, रुईच्या गाठी उचलत होता.

५

परतीच्या वाटेत आम्ही मूर्तिजापूरला उतरलो. यवतमाळकडून छोटी गाडी आली होती आणि हमाल गाठी उतरवत होते. डोमाजी चाळिशीचा, बारीक, केस पांढरे झालेले. मी "जयभीम, दादा" म्हणालो, तसा तो हसला. मोतीरामच्या गाडीचं नाव काढल्यावर त्याचं हसू गेलं. त्यानं आम्हाला घरी नेलं. त्याची बायको जाईबाई दारातच उभी राहिली, आमची वाट अडवल्यासारखी.

"आता काय राहिलं?" ती म्हणाली. "दुकान गेलं, गाव सुटलं. आता काय न्यायले आले?"

"दादा पळाले नव्हते, हे मला माहीत आहे," मी म्हणालो. "दसऱ्याला आपण सगळे कुठं असतो?"

"नागपूरले," जाईबाई म्हणाली. "दीक्षाभूमीवर. नवमीच्या संध्याकाळच्याच गाडीनं गेलतो, साऱ्या मोहल्ल्यासंगं. परत आलो तं दारात लोक दगड घेऊन उभे. ते म्हणे पळाला. सांगतलं तं कोणी आयकलं नाही."

भगवंतराव डोमाजीसमोर बसले. "मिस्त्री, एकच विचारतो. त्या दुपारी तुमी चेकनट कसला होता का?"

डोमाजीचा उजवा हात मांडीवर हलू लागला. अंगठा आणि दोन बोटं काहीतरी धरून फिरवत होती. पाव फेरा, थांबायचं, पाव फेरा. त्याला ते कळतही नव्हतं. मला त्या हाताकडे बघवेना.

"आठवत नाई," तो म्हणाला. "देवाशपथ म्हणलो असतो, पण आता देवही नाई. दुकानात त्या दिवशी एकटा होतो, गर्दी होती, बाकी साऱ्यांचं काम माह्याकडंच आलं होतं. वीस वर्षं नट कसले, एकही ढिला सोडला नाई. पण ह्या एकाचं आठवत नाई. रोज रात्री झोपीत कसून राहतो. सकाळी उठलो की वाटते, कसला नसन. पोट्टं मेलं ना."

"म्हणून पाना सोडला?"

"ह्या हातानं कोणाची गाडी दुरुस्त करू? गाठ उचलता येते. गाठ पडली तं माह्याच पायावर पडते."

जाईबाई कुणाला न विचारता चहा ठेवायला आत गेली. आतून भांड्यांचा आवाज आला.

भगवंतरावांनी रुमाल सोडला आणि नट डोमाजीच्या हातावर ठेवला. डोमाजीनं तो फिरवून पाहिला. मग नाक मुरडलं, नुसत्या मिस्त्रीपणानं.

"हे कोणी खाल्लं? पक्कडीनं कसते का कोणी चेकनट? माह्याकडं मापाचा पाना होता, पानाच लावला असन ना."

"तेच पाहाले आलो होतो," भगवंतराव म्हणाले आणि उभे राहिले. "शेषराव, रविवारी परत अमरावती."

६

रविवारी पंजाबराव ओट्यावर होते. मैनाही होती. भगवंतराव त्यांच्यासमोर मांडी घालून बसले आणि नट मधे ठेवला.

"मी पोलीस नाई," ते म्हणाले. "ह्या पोराले गाडी घेऊन द्यायची म्हणून आलो होतो. पण गाडीनं जे सांगतलं ते तुमाले सांगतो. लोक म्हणतात डोमाजीनं चेकनट ढिला सोडला अन् तो थरथरून सुटला. बरं. सुटलेला नट ढिला राहते. हा तं चार आटे मांगं जाऊन असा आवळून बसला होता की मले दोन झटके लागले. नट आपल्या मनानं मांगं जाऊन आपल्या मनानं आवळत नसते. म्हंजे हे माणसानं केलं. जाणून."

मैनाचा हात गळ्याशी गेला.

"आता पाह्या, कडा पक्कडीनं खाल्ल्या. डोमाजीचे पाने त्या दिवशी मोकळे होते, त्याले पक्कड कायले लागते? पोरी, डोमाजीच्या घरी पूजा नसते हे तुह्या तोंडून समजलं, अन् मले माहीच रीत आठवली. गेल्या नवमीले शेजाऱ्याचा पंप बिघडला. माहे पाने पाटावर, हळदकुंकू वाहिलेले, दोरा बांधलेला. दसऱ्याले सीमोल्लंघन करून आल्याबिगर उचलायचे नाईत. म्या पक्कडीनं नट खोलला. असाच चावला. पक्कड तं फडताळात पडली राहते, तिची कोण पूजा करते? म्हंजे ज्यानं हे केलं त्याच्याकडं चांगले पाने होते, पण ते पूजेत होते. साऱ्या गावानं पूजेचे पाने पाहून लोकाईले सोडलं अन् डोमाजीले धरलं. उलटं धरलं."

"खुशालरावचेही पूजेत होते," मी म्हणालो. खरं सांगायचं तर मला तो खुशालरावच हवा होता.

"होते. पण नटाच्या आतल्या बाजूले, ग्रीसमधी, कुंकू दाबलेलं हाय. बाहेर असतं तं उडून पडलं म्हणलो असतो. आत दाबलं म्हंजे नट आवळला तवा कुंकू वाहून झालं होतं. गाडीची पूजा झाली संध्याकाळी, ह्या घरात, अन् रातभर ती इथंच होती. खुशाल तवा दोनशे माणसाईले वाढत होता. डोमाजी नागपूरच्या गाडीत. म्हंजे हे घरातल्या माणसानं केलं."

मैना पांढरी पडली होती. "मी भांडले होते," ती म्हणाली, "पण मी..."

"तू नाई, पोरी. ह्या नटाले म्या हात लावला हाय. पक्कडीनं एवढं आवळणारं मनगट तुहं नाई. अन् वाईट करणारा माणूस नट ढिला सोडून जाते, लवकर पडावा म्हणून. ह्यानं मोजून चार आटे मांगं घेतले अन् मंग नीट कसला. तीस वर्षं नट कसणाऱ्यालेच ही खोड असते. त्याच्यानं ढिला नट पाहवत नाई. पाप करतानाही पाहवत नाई."

पंजाबरावांनी नट उचलला, अंगठ्यानं त्याच्या कडा चाचपल्या.

"पाप नव्हतं," ते म्हणाले. आवाज असा होता की दोन वर्षांत पहिल्यांदाच बोलत असावेत. "सूनबाई रडून राहिली होती. पोरगं आयके ना. म्या इचार केला, मोडतोड करायची नाही. क्लच जरासा अर्धवट ठेवायचा. पहिल्या धोंड्यातच गाडी त्याले हिसका देईन, पाय टेकन, बाद होईन, शिव्या देत घरी येईन. पहिला टप्पा सपाटीवर आहे, पडला तं गुडघा फुटन. पहाटे तो आंघोळीले गेला तवा केलं. जेवणावर वाट पाहत होतो. श्रीखंड होतं."

मग त्यांनी भगवंतरावांना विचारलं, आणि हे विचारताना म्हातारा लहान मुलासारखा दिसला, "तीन टप्पे पार केले म्हणतात. खरं हाय?"

"खुशालनं पाहिलं," भगवंतराव म्हणाले. "एकदाही पाय टेकला नाई."

"म्या कधी पाहायले गेलोच नाही," पंजाबराव म्हणाले. "इतका चांगला चालवते, हे मले माहीतच नव्हतं. माहीत असतं तं तसं केलंच नसतं. अन् गेलो असतो तं थांबवलं असतं ना, पहिल्या टप्प्यालेच, क्लच पाहून."

मैना उठून आत गेली. दार लावून घेतल्याचा आवाज आला. मला त्या म्हाताऱ्याची दया आली, आणि लगेच डोमाजीचा मांडीवर फिरणारा हात आठवून ती दया आटली.

"अन् डोमाजी?" मी विचारलं. "त्याच्या दारात दगड घेऊन लोक गेले तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"म्या त्याचं नाव कधी घेतलं नाही."

"घेतलं नाही. खोडलंही नाही," मी म्हणालो. वडीलधाऱ्या माणसाशी असं बोलायची मला सवय नाही, पण त्या दिवशी बोललो. "तो माणूस दोन वर्षं स्वतःलाच विचारतोय, मी कसला का नाही. तुम्ही इथं बसून होता आणि उत्तर तुमच्याजवळ होतं."

पंजाबरावांनी टोपी घातली.

"गाडी किती वाजता आहे मूर्तिजापूरची?" त्यांनी विचारलं.

७

जाताना ते आधी चौकात गेले. खुशालरावच्या दुकानासमोर सुटीची दहा-पंधरा माणसं होती. त्यांच्यासमोर पंजाबरावांनी टोपी काढली आणि जे केलं ते मोठ्यानं सांगितलं. चुकवाचुकवी नाही, सबब नाही. खुशालराव गल्ल्यामागून बाहेर आला होता, तो तिथंच खाली बसला.

मग आम्ही तिघांनी मूर्तिजापूरची गाडी धरली.

डोमाजी घरीच होता. अंगणात खाटेवर बसला होता, जाईबाई सूप घेऊन तूर पाखडत होती. पंजाबरावांना ओळखून दोघंही उभे राहिले. पंजाबराव अंगणाच्या कडेलाच थांबले.

"मिस्त्री," ते म्हणाले, "तुमी नट नीट कसला होता. म्या पहाटे पक्कडीनं खोलला, चार आटे मांगं घेतला. पोराले बाद कराले. तुमचा काहीच दोष नाही. म्या गप राहिलो."

डोमाजीला ते एकदम समजलं नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं, भगवंतरावांकडे पाहिलं.

"चार आटे?" त्यानं विचारलं.

"चार."

"म्हंजे म्या कसला होता."

"हो."

डोमाजीनं स्वतःचा उजवा हात डोळ्यांसमोर धरला, उलटा केला, सुलटा केला. जाईबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. ती रडत होती, पण आवाज न करता, आणि तिच्या चेहऱ्यावर राग होता.

पंजाबराव पुढे येऊन वाकले. पाया पडायला वाकले असावेत. डोमाजी दोन पावलं मागे सरकला.

"नाई," तो म्हणाला. "तसं नको. माफी मागू नका, म्या देणार नाई. शिव्याही देणार नाई, तुमचंच पोट्टं गेलं हाय." त्यानं जाईबाईकडे पाहिलं. "दोन वर्षं म्या रोज रात्री तो नट कसला. आता आजपासून तुमी कसा."

पंजाबरावांनी मान खाली घातली.

"हो," ते म्हणाले.